संपातल्या मार्चात औरंगाबाद ते उदगीर

शुक्रवार, ११ मार्च २०२२ : औरंगाबाद ते बीड

उदगीरला मावसबहिणीच्या मुलाचा साखरपुडा सोमवारी होता. परभणी, परळी, लातूररोड करत रेल्वेनं सरळ जाता येतं आणि घरच्यांचा आग्रहही तोच होता. पण चार महिने एसटीच्या संपाच्या बातम्या वाचत होतो, आणि त्या सगळ्या मुंबईहून आलेल्या. आझाद मैदानात कोण काय बोललं, न्यायालयात कुठली तारीख पडली. डेपोच्या दारात आणि फाट्यावर काय चाललंय, हे त्यात क्वचितच असायचं. म्हणून तीन दिवस आधीच निघालो आणि मुद्दाम रस्त्यानं निघालो.

मध्यवर्ती बसस्थानकात पहिलंच दृश्य असं, की जिथं बीडची गाडी लागायची त्या फलाटावर एक क्रुझर जीप उभी आणि तिचा ड्रायव्हर "बीड बीड गेवराई" म्हणून ओरडतोय. स्थानकापासून २०० मीटरच्या आत खाजगी गाडीनं प्रवासी भरायचे नाहीत, हा नियम. त्यासाठी याच लोकांनी वर्षानुवर्षं दंड भरला. नोव्हेंबरात सरकारनंच खाजगी वाहनांना प्रवासी वाहतुकीची मुभा दिली आणि हे सगळे आत आले. "चार महिन्यांमागं इथं नुसता हॉर्न वाजवला असता तर पावती फाडली असती माझी," तो हसत म्हणाला. मग हळूच पुस्ती जोडली, "पण डेपोच्या पोरांसमोर आत यायला अजून कसंनुसं होतं. त्यातला एक माझा साडू आहे."

भाडं एसटीच्या जवळजवळ दीडपट. अकरा जणांच्या जागेत चौदा. पाचोडच्या मोसंबीच्या बागा, शहागडला गोदावरीचा पूल, गेवराई. वाटेत समोरून एसटी आली की जीपमधले सगळे तिच्याकडे बघत. तीन दिसल्या. एकीच्या पुढच्या काचेला जाळी होती.

बीडला मित्राकडे पोचलो तेव्हा दुपार टळली होती. बीडला तेव्हा रेल्वे नव्हती, हे इथं आल्याशिवाय कळायचं नाही. नगर-बीड-परळी मार्गाची आश्वासनं ऐकत माणसं म्हातारी झाली, तोवर सगळा भार एसटीवर. तीच थांबली म्हणजे तालुक्याला कोर्टात तारीख असलेला, दवाखान्यात सोनोग्राफी असलेली, कॉलेजात प्रॅक्टिकल असलेला, सगळेच अडकले.

डेपोबाहेर पेंडॉल होता. वर फलक: "दुखवटा". संप नाही, दुखवटा. कामगार न्यायालयात संप बेकायदा ठरला, पण बाहेर बसलेले लोक आपल्याला संपकरी म्हणवून घेत नाहीत. जीव दिलेल्या सहकाऱ्यांच्या शोकात आम्ही बसलो आहोत, असं सांगतात. मागं त्या सहकाऱ्यांचे हार घातलेले फोटो होते, त्यामुळे ही निव्वळ वकिली युक्ती आहे असं म्हणायला जीभ रेटली नाही. दिवसांचा आकडा खडूनं लिहिलेला, सव्वाशेच्या पुढचा.

आज राज्याचा अर्थसंकल्प. चाळीसेक माणसं चार मोबाइलांभोवती बसलेली. परिवहनाचा भाग आला तसं सगळे गप्प झाले. नव्या गाड्या, आगारांची सुधारणा... आणि पुढचं खातं सुरू झालं. विलीनीकरणाचा, म्हणजे एसटी महामंडळ सरकारात सामावून घेण्याच्या संपाच्या मुख्य मागणीचा, शब्द नाही. आठवड्यापूर्वीच, ४ मार्चला, त्यासाठी नेमलेल्या समितीचा अहवाल विधिमंडळात आला होता. विलीनीकरण शक्य नाही असंच त्यात होतं. तरी माणसं आशेनं बसली होती. एका पोक्त ड्रायव्हरनं मोबाइल उपडा ठेवला आणि शेजाऱ्याला विचारलं, "गहू काढला का रे?"

शनिवार, १२ मार्च : बीड ते अंबाजोगाई

आज चक्क एसटी मिळाली. पुढच्या सीटवर एक हवालदार, मागं सतरा-अठरा प्रवासी. गाडी कुठल्या आगाराची ते लिहीत नाही. पुढचं वाचल्यावर कारण कळेल. मांजरसुंबा, नेकनूर करत केजला थांबलो, तिथं ड्रायव्हरशी चहावर गाठ पडली. पन्नाशीचा, डाव्या मनगटावर ताज्या टाक्यांचा व्रण.

तो आणि त्याचा कंडक्टर नऊ वर्षं एकाच मुक्कामी गाडीवर होते. ज्यांनी मुक्कामी गाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: संध्याकाळी तालुक्याहून निघायचं, अंधार पडताना शेवटच्या गावाला पोचायचं, गाडी देवळासमोर लावायची आणि तिथंच झोपायचं. सकाळी सहाला तीच गाडी उलटी फिरते. दुधाच्या किटल्या, शाळेच्या पोरी, तालुक्याला निघालेला आजारी म्हातारा, सगळे त्याच गाडीत. बालाघाटाच्या डोंगरातल्या असल्या गावांना बाहेरचं जग दिवसातून दोनदा भेटतं ते या गाडीतून. "मी टायर बघायचो, तो देवळाच्या उजेडात पैसे मोजायचा. भाकरी गावातून यायची. कुणाच्या घरची, हे आम्ही कधी विचारलं नाही. पाळी लावलेली होती त्यायनं."

दिवाळीत दोघंही संपावर गेले. २४ नोव्हेंबरला पगारवाढ जाहीर झाली: दहा वर्षांपर्यंत नोकरी झालेल्यांना मूळ पगारात ५,००० रुपये, वीसपर्यंत ४,०००, त्याहून जुन्यांना २,५००. म्हणजे ज्यानं हाडं झिजवली त्याला सगळ्यात कमी. हा हिशेब कुणी केला कुणास ठाऊक, पण पेंडॉलमधल्या म्हाताऱ्या ड्रायव्हरांना तो जेवढा लागला तेवढी विलीनीकरणाची नकारघंटाही लागली नसेल. दोघंही बसून राहिले. मग जानेवारीत याच्या हातात सेवासमाप्तीची नोटीस पडली. पोरीचं लग्न डिसेंबरात ठरलेलं, ते एकदा पुढं ढकललेलं, सोसायटीचे हप्ते थकलेले. हा हजर झाला.

"पहिल्या दिवशी गेटवर हार घातला मला. नारळ दिला. टाळ्या वाजवल्या. माझ्याच पोरायनं, ज्यायला मी गाडी शिकवली. त्यानं हार नाही घातला. पर तो उभा होता तिथं."

तिसऱ्या-चौथ्या दिवशी एका फाट्यावर दगड आला. समोरची काच फुटून मनगटात घुसली. पोलिसांनी जबाब घेतला, कोण होतं विचारलं.

"मी म्हणलं, अंधार होता, दिसलं नाही."

मी विचारलं, किती वाजले होते?

"अकरा," तो म्हणाला. "सकाळचे."

कप ठेवून तो उठला. जाताना कंडक्टरचा नंबर त्यानंच दिला. "भेटा त्याला. माझं नाव नका काढू."

संध्याकाळी कंडक्टर भेटला. संपाच्या पहिल्या महिन्यात फक्त पेंडॉलमध्ये बसायचा, आता रात्री ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर जातो. यंदा मराठवाड्यात ऊस मावेना असा झालाय. तोडणीच्या पाळीची वाट बघत फडात उभ्या उसाला तुरे आलेत. त्यामुळे ट्रॅक्टरवर माणूस लागतोच. अंगाला सगळी पाचटाची कूस. बोलताना मान खाजवत होता. नाव काढायची गरजच पडली नाही, मी केजवरून आलो म्हणताच त्याला कळलं.

"त्यानं पोलिसाला नाव नाही सांगितलं, ते ठाऊक आहे मला. म्हणून काय झालं? हजर झालाच ना."

मी म्हटलं, लग्न होतं पोरीचं.

"मलाबी पोरगी आहे. लॉकडाऊनमधे तीन-तीन महिने पगार नव्हता, तवा दोघं मिळून उसनवारी करायचो. त्याला माझ्या घरातलं मीठ-मिरची सगळं ठाऊक. तो म्हणला असता ना, की गड्या माझ्यानं आता होत नाही, तर मीच त्याला गेटपर्यंत सोडलं असतं. न सांगता गेला. सकाळी उठून गेटवर आलो तर हा युनिफॉर्मवर."

यावर मी काय बोलणार. माझं स्वतःचं मत विचाराल तर नोव्हेंबरची वाढ पदरात पाडून माणसांनी परतायला हवं होतं. आझाद मैदानातले दोन आमदार दुसऱ्याच दिवशी आंदोलन स्थगित करून निघून गेले. डिसेंबरात ज्या संघटनेनं संपाची नोटीस दिली होती तिच्याच नेत्यानं माघार जाहीर केली. नेते येत-जात राहिले, बसून राहिला तो डेपोचा माणूस. पण हे मी पंख्याखाली बसून म्हणतो. महिन्याची दहा तारीख उलटून गेली तरी पगाराचा पत्ता नाही, असं ज्यानं काढलंय त्याला सरकारी खात्याचा शिक्का हवासा वाटला तर त्यात वेडेपणा कसला?

रात्री झोप येईना तेव्हा इंग्लंडातल्या कोळसा खाणींचा संप आठवत राहिला. मार्च १९८४ ते मार्च १९८५, पूर्ण एक वर्ष. वीस खाणी बंद करायचं जाहीर झालं, वीस हजार नोकऱ्या जाणार होत्या. यॉर्कशायरवाले बसले, नॉटिंगहॅमशायरमधले बरेचसे कामावर जात राहिले. संघटनेनं देशभर मतदान घेतलं नाही, मग आम्ही का बसू, हा त्यांचा सवाल. पंतप्रधान थॅचरबाई जिंकल्या, पुढं खाणी दोन्हीकडच्या बंद पडल्या. आणि त्या गावांत संपात गेलेला आणि कामावर गेलेला असे भाऊ-भाऊ वीस-तीस वर्षांनीही एकमेकांशी बोलत नव्हते, एकमेकांच्या मयतीला जात नव्हते. खाण गेली, अबोला राहिला. आपल्याकडे गिरणी संपाची आठवण सगळे काढतात, १८ जानेवारी १९८२ आणि दत्ता सामंत. पण गिरणगावात गेलेला माणूस शेवटी गावाकडं तरी आला. हे दोघं आधीच गावाकडं आहेत. यांनी कुठं जायचं?

रविवार, १३ मार्च : लातूर

बर्दापूरमार्गे लातूर. ॲपेरिक्षा, मग एका दूधवाल्याचा पिकअप. सांगण्यासारखं एवढंच, की भाजीबाजारात एक कंडक्टर बाई भेटल्या. मी त्यांना ओळखलं ते नोटांवरून: दहाच्या, वीसच्या, पन्नासच्या नोटा उभ्या घडी करून बोटांच्या फटींत, प्रत्येक फटीत एकच किंमत. सुट्टे न बघता देत होत्या. मेथीच्या जुड्या आणि शेवग्याच्या शेंगा, दीराच्या शेतातल्या.

"काही बाया जुडी घेतात अन् वरून सुनावतात, आता कळलं का सुट्ट्याचं मोल म्हणून. बसमधे दोन रुपयांवरून भांडले असंल मी त्यांच्याशी," त्या म्हणाल्या. "पण जास्ती बाया गुपचूप दहा रुपये वर देतात. ते जास्ती लागतं."

सोमवार, १४ मार्च : उदगीर

आष्टामोड, नळेगाव, उदगीर. गावात शिरताना साहित्य संमेलनाचे फलक दिसले; एप्रिलच्या २२, २३, २४ तारखांना पंच्याण्णवावं अखिल भारतीय संमेलन इथं भरणार आहे. संप मिटला नाही तर खेड्यापाड्यातला वाचक मांडवापर्यंत येणार कसा, याची चिंता यजमान मंडळींपेक्षा रिक्षावाल्यांना जास्त होती.

साखरपुडा छान झाला, पण तासभर उशिरा, कारण मुलीकडचे दोन टमटममध्ये येत होते आणि एक पंक्चर झाली. आणि पंगतीत भांडण झालं.

मुलाचा चुलता एसटीत मेकॅनिक, अर्थात बाहेर बसलेला. मुलीचा मामा शेतकरी, मांजरेच्या काठचा. वरणभात वाढून होईपर्यंत सगळं ठीक होतं. मामा म्हणाले, "पाव्हणं, आमची लेकरं चार किलोमीटर चालायलीत शाळेला, तुमच्यामुळं."

"आमच्यामुळं नाही, सरकारमुळं."

"सरकार मला दिसत नाही. मला तुमचा डेपो दिसतो."

मेकॅनिक गप्प बसला असता तर निभावलं असतं. पण तो म्हणाला, "बारा-तेरा हजारावर घर चालवून दाखवा एकदा."

मग मामांचा बांध फुटला. सप्टेंबरच्या शेवटी मांजरा धरणाचे दरवाजे उघडले, एका रात्रीत काढणीला आलेलं सोयाबीन पाण्याखाली गेलं. "आमचं सगळं वरीस गेलं. आमच्या दुखवट्याला कुणी पेंडॉल टाकला? तुम्हाला निदान महिन्याच्या महिन्याला आकडा तरी ठाऊक असतो. आम्ही कुणाच्या गेटवर बसायचं?"

आणि मेकॅनिक, ज्याची स्वतःची दोन एकर त्याच पाण्यात गेली होती हे मला नंतर कळलं, पत्रावळीवर हात धुऊन उठला. त्याची बायको आणि मुलीची मामी एकाच गावच्या, त्या स्वयंपाकघरात एकत्र पुऱ्या लाटत होत्या. दोघींनी मिळून दोघा नवऱ्यांना झापलं, पान सुपारी झाली, फोटोही झाले. फोटोत दोघं दोन टोकांना.

मला सरकारची बाजू घ्यायची नाही, पण एक गोष्ट इथं डोळ्यांसमोर घडली. ज्यानं हा प्रश्न सोडवायचा तो कुठल्याच पंगतीत नसतो. म्हणून ज्याचा त्याचा राग शेजारच्या पानावर सांडतो.

संध्याकाळी मेकॅनिकच्या मागं लागून डेपोच्या कुंपणापर्यंत गेलो. तारेतून गाड्या दाखवत तो एकेकीची प्रकृती सांगत होता. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, टायर एकाच जागी दबून चपटा होतो, उंदीर वायरी कुरतडतात, ब्रेकचे रबर कडक पडतात. "ती तिसरी दिसायली का, तिचं इंजिन मीच उतरवलं होतं दिवाळीच्या आधी. तसंच उघडं पडलंय. कंत्राटी ड्रायव्हर आणतील हो, निवृत्त म्हाताऱ्यायला बोलावतील. पर ते इंजिन कोण बसवणार?" आवाजात धमकी नव्हती. काळजीच होती. संपावर बसलेला माणूस कुंपणाबाहेरून आपल्या कामाची तपासणी करत होता.

मंगळवार, १५ मार्च : उदगीर, देगलूर रस्ता

आज दहावीचा पहिला पेपर, मराठीचा. कोरोनामुळं यंदा बोर्डानं ज्याच्या त्याच्या शाळेतच केंद्र दिलं, नाहीतर आज फाट्याफाट्यावर रडारड झाली असती. तरी हायस्कूल शेजारच्या गावात असलेली लेकरं आहेतच. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा प्रवास फुकट असतो, मानव विकास मिशनच्या निळ्या गाड्या तर खास त्यांच्यासाठीच. त्या फुकट पासाचा आज उपयोग शून्य. देगलूर रस्त्यावर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभ्या बारा-तेरा मुली पाहिल्या, हातात पॅड, तोंडाला ओढण्या. ट्रॅक्टर चालवणाऱ्याला विचारलं, भाडं किती घेता? तो चिडलाच. "परीक्षेचं भाडं घेतात का कुठं?" नंतर समजलं, तोही निलंबित ड्रायव्हर.

बसस्थानकात कर्नाटकची गाडी लागलेली होती, बिदरहून आलेली. लोक तिच्याकडं पाहुण्यांच्या घरातल्या टीव्हीकडं बघावं तसं बघत होते. चहाच्या टपरीवर एक जुने कंट्रोलर बसले होते, निवृत्त होऊन दशक लोटलेले. या भागाची बस महाराष्ट्राच्या एसटीहून जुनी, हे त्यांनी मला ठासून सांगितलं, आणि ते खरंच आहे. पुणे-नगर रस्त्यावर पहिली एसटी १ जून १९४८ ला धावली. निजामाच्या संस्थानानं १९३२ सालीच रेल्वेच्या जोडीला सरकारी बस सुरू केली होती, २७ गाड्यांवर. "तवा ती सरकारीच होती की! महामंडळ नंतर झालं. आता पोरं सरकारी करा म्हणतात तर सगळ्यांना धक्का बसतो."

संपाच्या मागणीमागं आंध्रचं उदाहरण आहे, तेही इथं सरहद्दीवर जास्त कळतं. १ जानेवारी २०२० ला आंध्रनं आपले बस कर्मचारी सरकारी सेवेत घेतले. शेजारच्या तेलंगणात मात्र त्याआधीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात ५२ दिवसांचा संप झाला आणि कामगार हात हलवत परत गेले. पेंडॉलमधला माणूस आंध्रचं नाव घेतो, मंत्रालयातला तेलंगणाचं. कंट्रोलर साहेबांना विचारलं, तुम्हाला काय वाटतं? त्यांनी बशीतला चहा संपवला. "मला पेन्शन किती मिळते विचारा."

विचारलं. त्यांनी सांगितलेला आकडा इथं लिहीत नाही, त्यांनाच लाज वाटेल. माझ्या घरचं महिन्याचं वीजबिल त्याहून फार कमी नसतं.

मी रात्रीच्या रेल्वेनं परतलो.

पुढचं

७ एप्रिलला उच्च न्यायालयानं २२ तारखेपर्यंत कामावर परतायला सांगितलं. जे परततील त्यांना काढायचं नाही, असंही बजावलं. दुसऱ्याच दिवशी मुंबईत शरद पवारांच्या घरावर जमाव चालून गेला आणि उरलीसुरली सहानुभूतीही आटली. माणसं भराभर हजर झाली. २२ ला उदगीरचं संमेलन सुरू झालं तेव्हा मांडवाकडं जाणाऱ्या रस्त्यावर एसटी होती, असं मावसबहिणीनं कळवलं. तो मेकॅनिक पहिल्या दिवशीच त्या तिसऱ्या गाडीखाली शिरला म्हणे.

मे महिन्यात केजच्या ड्रायव्हरला फोन केला. पोरीचं लग्न झालं होतं. कंडक्टर शेवटच्या दिवसांत हजर झाला, मुक्कामी गाडीही सुरू झाली. मी विचारलं, मग आता दोघं परत एका गाडीवर?

"नाही. त्यानं डेपो मॅनेजरला लिहून दिलं, ड्युटी कुठलीबी द्या, फक्त या ड्रायव्हरसंगं नको. साहेबानं मला बोलावून विचारलं, तुमचं काय म्हणणं. मी म्हणलं, त्याचं ऐका. ते गाव त्यालाच द्या, मला लांब पल्ल्याची गाडी द्या." मग जरा थांबून म्हणाला, "लग्नाची पत्रिका मात्र मी घरी देऊन आलो. वहिनीनं घेतली."

आला होता का लग्नाला?

"वहिनी आल्ती. आहेराचं पाकीट दिलं. त्याच्यावर नाव दोघांचं होतं, पर अक्षर तिचं."